किती करायचं, कधी विकायचं, थांबायचं का? अनिश्चित धंद्याचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढे काय होणार हेच ठाऊक नसेल, तर गणित काय सांगणार?

भाव चढेल की पडेल हे गणित सांगत नाही. तुम्हाला जे वाटतंय ते खरं धरलं तर कुठला निर्णय घ्यावा, एवढंच ते सांगतं. त्यासाठी चार गोष्टी कागदावर याव्या लागतात: तुमच्या हातात काय आहे (किती माल करायचा, आज विकायचा की ठेवायचा), हातात काय नाही (मागणी, भाव, पाऊस), प्रत्येक जोडीला किती रुपये सुटतात किंवा जातात, आणि कुठली गोष्ट तुम्हाला कधी कळते. चौथी गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत. पण आज ठरवायचं की ऑगस्टमधला भाव बघून ठरवायचं, यातच पुष्कळदा सगळा पैसा असतो.

एका दिवसाचा माल, उरला तर फुकट. किती करावा?

याला वृत्तपत्र विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात. बँकेनं तिजोरीत रोकड किती ठेवावी, या रूपात अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी तो १८८८ मध्येच मांडला होता. आपण गणेश चतुर्थीचे उकडीचे मोदक घेऊ.

एक मोदक ४० रुपयांना जातो. नारळ, गूळ, आंबेमोहोराची पिठी, मजुरी आणि डबा धरून खर्च २८ रुपये. उरलेला मोदक दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. म्हणजे एक मोदक कमी पडला तर १२ रुपयांचा नफा हुकतो, एक जास्त झाला तर २८ रुपये बुडतात. कमी पडण्याची किंमत भागिले दोन्ही किमतींची बेरीज, म्हणजे १२ भागिले ४०, म्हणजे ०.३०. मागणी जितक्याच्या आत राहण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत पोचते, तितके मोदक करायचे.

समजा मागणीचा अंदाज असा आहे: ३०० मोदकांची शक्यता १० टक्के, ४०० ची २५, ५०० ची ३०, ६०० ची २०, ७०० ची १५. सरासरी येते ५०५. खालून बेरीज करत गेलं तर ३०० ला १० टक्के होतात आणि ४०० ला ३५. तीस टक्के ४०० वर ओलांडले, म्हणून ४०० मोदक. पडताळून पाहा, सरासरी नफा असा येतो:

३०० केले तर ३,६०० रुपये
४०० केले तर ४,४०० रुपये
५०० केले तर ४,२०० रुपये
६०० केले तर २,८०० रुपये
७०० केले तर ६०० रुपये

‘गिऱ्हाईक परत जाता कामा नये’ म्हणून ७०० मोदक करणारा दिवसभर राबून सरासरी सहाशे रुपये कमावतो.

हेच सूत्र मावा मोदकाला लावलं की उत्तर उलटं फिरतं. किलोला ६०० भाव, ३८० खर्च, उरलेला माल दुसऱ्या दिवशी ३०० ने निघतो. कमी पडला तर २२० गेले, उरला तर फक्त ८०. गुणोत्तर ०.७३. इथे सरासरीपेक्षा बराच जास्त माल करायचा. दोन्ही मोदकांना एकच ‘गेल्या वर्षीपेक्षा दहा टक्के जास्त’ हा नियम लावणं ही सर्रास होणारी चूक आहे.

पण गिऱ्हाईक रिकाम्या हाती गेलं तर पुढच्या वर्षी येणार नाही, त्याचं काय?

रास्त शंका. त्या नाराजीची किंमत रुपयांत धरा आणि कमी पडण्याच्या किमतीत मिळवा. प्रत्येक हुकलेल्या मोदकामागे आणखी ८ रुपये धरले तर गुणोत्तर २० भागिले ४८, म्हणजे ०.४२ होतं आणि उत्तर ४०० वरून ५०० वर जातं. नाराजीचा नेमका आकडा कुणालाच सांगता येत नाही, पण ‘किती रुपये धरले की निर्णय बदलतो’ हे काढता येतं. या आकड्यांत ती सीमा ३ रुपये ८ पैसे आहे. नाराजी तेवढीही महाग नाही असं वाटत असेल तर ४०० वरच थांबा.

त्याहून सोपा उपाय म्हणजे आगाऊ नोंदणी. तीनशे मोदकांची ऑर्डर चार दिवस आधी हातात असेल, तर जुगार फक्त वरच्या शंभर-दोनशेंपुरता राहतो.

शक्यतेचे हे टक्के आणायचे कुठून?

आधी जुन्या वह्या, मग माणसं. वह्यांत एक खड्डा असतो: त्यात विक्री लिहिलेली असते, मागणी नाही. गेल्या वर्षी ४०० केले आणि ४०० संपले, तर मागणी ४०० होती असं म्हणता येत नाही, निदान ४०० होती एवढंच. हे न ओळखता सरासरी काढली की अंदाज दरवर्षी कमी येतो, माल कमी होतो, पुन्हा सगळा संपतो, आणि चक्र चालू राहतं. म्हणून माल संपल्याची वेळ लिहा. सकाळी अकरालाच संपला असेल, तर ज्या वर्षी माल दुपारपर्यंत पुरला त्या वर्षी अकरानंतर किती गेला होता ते पाहून वरची भर धरा.

माणसांना विचारताना ‘किती खपेल?’ असं विचारू नका. मोठा आकडा मिळेल. ‘असे दहा सण आले तर कितींदा ६०० च्या वर जाईल?’ असं विचारा. आधी दोन टोकं विचारा आणि मधला आकडा शेवटी. मधला आकडा आधी आला की टोकं त्याला चिकटून येतात.

ऑर्डर एका वेळी किती द्यावी याचं सूत्र आहे का?

आहे. फोर्ड हॅरिस यांनी ते १९१३ मध्ये मांडलं. वर्षाची गरज गुणिले एका ऑर्डरीचा खर्च गुणिले दोन, भागिले एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च, आणि आलेल्या आकड्याचं वर्गमूळ. मिठाईचे खोके वर्षाला २४,००० लागतात, दर ऑर्डरीला टेम्पो वगैरे ६०० रुपये, एक खोका वर्षभर ठेवायला २ रुपये: उत्तर सुमारे ३,८०० खोके.

खरी गंमत पुढे आहे. ३,८०० च्या ऑर्डरीनं वर्षाचा खर्च सुमारे ७,५९० रुपये येतो. ५,००० च्या ऑर्डरी दिल्या तर ७,८८०, आणि ३,००० च्या दिल्या तर ७,८००. म्हणजे चांगला चतकोर-तिजाई चुकलात तरी तीन-चार टक्केच जातात. इथे अचूकतेमागे वेळ घालवू नका. छपाईवाला ५,००० ला सूट देत असेल तर बिनधास्त घ्या.

राखीव साठा किती ठेवावा? आम्ही पंधरा दिवसांचा ठेवतो.

‘पंधरा दिवसांचा’ हा नियम ज्या मालाला लागत नाही त्यालाही लावला जातो. दोन चढउतार बघावे लागतात: रोजच्या खपाचा आणि माल पोचण्याच्या दिवसांचा. रोज ४० नग जातात, प्रमाण विचलन (सरासरीच्या वरखाली साधारण किती हलतं त्याचं माप) १२. माल सरासरी ६ दिवसांत येतो, प्रमाण विचलन २ दिवस. आता दोन आकडे काढा. ६ गुणिले १२ चा वर्ग, म्हणजे ८६४. ४० चा वर्ग गुणिले २ चा वर्ग, म्हणजे ६,४००. बेरजेचं वर्गमूळ ८५. वीसपैकी एकोणीस खेपांना माल संपू नये असं हवं असेल तर त्याला १.६५ ने गुणा: सुमारे १४० नग राखीव. सहा दिवसांचा खप २४० मिळवला की साठा ३८० वर आल्यावर ऑर्डर द्यायची.

८६४ आणि ६,४०० शेजारी ठेवून पाहा. त्रास गिऱ्हाइकांमुळे होत नाहीये, पुरवठादाराच्या लहरीमुळे होतोय. त्यानं तारीख पाळायला सुरुवात केली आणि २ दिवसांचं विचलन १ वर आलं, तर राखीव साठा १४० वरून ८२ वर येतो. भाव पाडून घेण्याऐवजी तारीख पक्की करून घेणं इथे जास्त फायद्याचं ठरू शकतं.

उन्हाळ कांदा चाळीत ठेवायचा की काढला तसा विकायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्यात निर्णय एकदा नाही, पुन्हा पुन्हा घ्यायचा असतो. अशा प्रश्नांची रीत गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात घालून दिली: शेवटापासून मागे यायचं.

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. जूनमध्ये चाळीत १०० क्विंटल आहे आणि लिलावात १,४०० रुपये भाव मिळतोय. घट आणि सड धरून ऑगस्टमध्ये ८८ क्विंटल उरेल, ऑक्टोबरमध्ये ७०. चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्के माल जाणं नाशिक पट्ट्यात नवलाचं नाही. दर दोन महिन्यांना व्याज आणि निवडीची मजुरी मिळून ६,००० रुपये.

पुढच्या शक्यता एकातून एक फुटणाऱ्या फांद्यांसारख्या मांडायच्या, याला निर्णयाचं झाड म्हणतात. त्या झाडाच्या आधी साधा हिशोब करा. आज सगळा विकला तर १,४०,००० येतात. तेवढेच ऑगस्टमध्ये यायला भाव हवा (१,४०,००० अधिक ६,०००) भागिले ८८, म्हणजे १,६५९. ऑक्टोबरसाठी (१,४०,००० अधिक १२,०००) भागिले ७०, म्हणजे २,१७१. बाराशे-चौदाशेवर बसलेला माणूस ‘अठराशे झाला की काढू’ म्हणतो, तेव्हा ऑक्टोबरमधले अठराशे हा तोटा आहे हे त्याच्या ध्यानात आलेलं नसतं.

आता झाड. ऑगस्टमध्ये भाव १,९०० होण्याची शक्यता ४० टक्के, १,४०० ची ३५, १,००० ची २५. सरासरी १,५००, म्हणजे भाव चढण्याचाच अंदाज आहे. ऑगस्टच्या प्रत्येक फांदीवर उभं राहून पुढे बघायचं:

भाव १,९०० असेल आणि तिथून ऑक्टोबरची सरासरी २,०१० दिसत असेल, तर ठेवल्याचे ७० गुणिले २,०१० वजा ६,०००, म्हणजे १,३४,७००. विकल्याचे १,६७,२००. विका.

भाव १,४०० असेल आणि ऑक्टोबरची सरासरी १,५६० असेल, तर ठेवल्याचे १,०३,२००, विकल्याचे १,२३,२००. विका.

भाव १,००० वर पडला असेल आणि तिथून ऑक्टोबरमध्ये २,५०० (३० टक्के), १,३०० (४० टक्के) किंवा ८०० (३० टक्के) असा पसारा दिसत असेल, तर सरासरी १,५१०. ठेवल्याचे ९९,७००, विकल्याचे ८८,०००. ठेवा.

आता जूनला परत या. ४० टक्के गुणिले १,६७,२००, अधिक ३५ टक्के गुणिले १,२३,२००, अधिक २५ टक्के गुणिले ९९,७००, वजा ६,०००: उत्तर १,२८,९२५. आजचे १,४०,००० त्याहून जास्त आहेत. भाव चढणार असं स्वतःच मानूनही आज विकणंच बरं, कारण सरासरी भाव सात टक्के चढतोय आणि वजन बारा टक्के उतरतंय. आजचा भाव १,२९० च्या खाली असता तर थांबणं परवडलं असतं. हा १,२९० चा आकडा म्हणजे तुमचा जूनचा उंबरठा.

डोळे झाकून ऑक्टोबरपर्यंत ठेवायचं ठरवलं तर हाच हिशोब १,०८,९२५ वर येतो. ऑगस्टमध्ये काहीही झालं तरी विकायचंच असं ठरवलं तर १,२६,०००. बघून ठरवण्याची मोकळीक त्यापेक्षा २,९२५ रुपये जास्त देते, आणि ती फक्त पडलेल्या भावाच्या फांदीवर कामी येते. प्रत्यक्षात बरेच जण नेमकं उलट करतात: चढत्या भावात आणखी चढेल म्हणून धरून ठेवतात, आणि भाव पडला की घाबरून सगळी वक्कल (विक्रीला काढलेला मालाचा ढीग) बाजारात नेतात.

निर्यातबंदीसारखा निर्णय या झाडात कसा बसवायचा?

वेगळी फांदी म्हणून. तो भावाच्या रोजच्या चढउतारात मिसळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली पण किमान निर्यात मूल्य आणि शुल्क राहिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झालं. गेल्या दहा वर्षांच्या भावांचं प्रमाण विचलन काढून घंटेच्या आकाराचा आलेख बसवला, तर असे धक्के ‘जवळजवळ अशक्य’ ठरतात. ते तसे नाहीत. ‘धोरण बदललं’ आणि ‘नाही बदललं’ अशा दोन फांद्या पाडा आणि प्रत्येकीखाली वेगळे भाव लिहा. एक गोष्ट विसरू नका: बंदी भाव चढल्यावरच येते. म्हणजे वरच्या टोकाचा भाव तुम्हाला वाटतो तेवढा वर जाऊ दिला जात नाही. २,५०० ची फांदी लिहिताना तिच्यावर हे ओझं ठेवा. ऑक्टोबरनंतर लाल कांद्याची आवक सुरू होते, तो आणखी एक धक्का, पण निदान त्याची तारीख साधारण ठाऊक असते.

मग अर्धा विकून अर्धा ठेवला तर?

सरासरी वाढत नाही, पण झोप लागते. बँकेचा हप्ता आणि खरिपाचं बियाणं-खत याला जेवढे पैसे लागतात तेवढा माल आधी मोकळा करा, झाडाचा हिशोब उरलेल्यावर चालवा. गोल्टी (अगदी बारीक कांदा) आणि जोड कांदा तर ठेवूच नका, त्याला पुढे भाव मिळण्याआधी कोंब येतात.

सरासरी नफा चांगला दिसतो, तरी माणसं बुडतात. असं का?

कारण धंदा एकामागून एक वर्षांचा असतो आणि वर्षं गुणली जातात. एका व्यवहारात निम्मी शक्यता ५० टक्के वाढीची, निम्मी ४० टक्के घटीची. सरासरी अधिक ५ टक्के, कागदावर छान. दहा लाख सगळे लावले: एक चांगलं वर्ष, पंधरा लाख. एक वाईट वर्ष, नऊ लाख. क्रम उलटा केला तरी नऊच. दर दोन वर्षांनी दहा टक्के झिजत जाणारा हा ‘फायद्याचा’ व्यवहार आहे.

बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये किती लावावं याचं सूत्र दिलं. इथे ते येतं भांडवलाच्या २५ टक्के. तेवढंच लावलं तर चांगल्या वर्षी १२.५ टक्के वाढ, वाईट वर्षी १० टक्के घट, आणि दोन वर्षांत सव्वा टक्का अधिक. शक्यतांचा अंदाज नेहमी थोडा गोडच असतो, म्हणून जाणकार निघालेल्या आकड्याच्या निम्मंच लावतात.

दुसरी शाखा काढायची आहे. आताच की वर्षभर थांबून?

समजा २० लाख लागतात. दहा वर्षं चालेल. जागा चांगली निघाली तर वर्षाला ४.५ लाख सुटतील, नाही तर १.५ लाख, दोन्हीची शक्यता निम्मी. १२ टक्के दरानं दहा वर्षांच्या रकमेचं आजचं मोल ५.६५ पट येतं: चांगल्यात २५.४ लाख, वाईटात ८.५ लाख, सरासरी सुमारे १७ लाख. २० लाख घालून १७ लाख. प्रस्ताव बाद.

आता त्याच भागात वर्षभरासाठी भाड्याचा छोटा गाळा घ्या, १.५ लाख निव्वळ खर्च धरून. वर्षअखेर कळेल जागा कशी आहे. चांगली असेल तरच २० लाख घाला. त्याचं मोल: निम्मी शक्यता गुणिले ५.४ लाख, एका वर्षानं मागे आणलेले, म्हणजे सुमारे २.४ लाख. दीड लाख वजा करून ९० हजार अधिक. तोच प्रस्ताव, फक्त पायऱ्यांनी केला म्हणून परवडला. याच हिशोबातून माहितीची कमाल किंमतही निघते: चाचणीवर २.४ लाखांहून जास्त घालू नका. आणि गाळ्यानं खरंच उत्तर मिळणार असेल तरच हे लागू. दिवाळीच्या दोन महिन्यांपुरता गाळा लावून ‘जागा चालते’ म्हणणं म्हणजे चाचणी नव्हे. तसंच त्या वर्षात शेजारी दुसरं कुणी दुकान टाकण्याची भीती असेल, तर थांबण्याच्या मोलातून ती वजा झाली पाहिजे.

एक्सेलमध्ये हे कसं करायचं?

झाडाच्या दहा-बारा फांद्या असतील तर साध्या बेरजा-गुणाकारांत होतं. फांद्या मोजता येईनात तेव्हा मॉन्टे कार्लो, म्हणजे यादृच्छिक (चिठ्ठी उचलल्यासारखे) आकडे टाकून तोच हिशोब हजारो वेळा करून बघणं. एका ओळीत एक ‘वर्ष’ मांडा: यादृच्छिक आकड्यावरून भाव, घट, मागणी काढा, तुमचा नियम चालवा (उदाहरणार्थ ‘१,२९० च्या वर असेल तर विक’), शेवटी रुपये. ती ओळ ५,००० वेळा खाली ओढा. सरासरीबरोबर सर्वांत वाईट पाच टक्क्यांची सीमाही काढा, बँकेला हप्ता त्या वर्षांतही द्यायचा असतो. ५,००० ओळींनी सरासरीतली चूक प्रमाण विचलनाच्या सत्तराव्या भागाइतकी राहते. लाखभर ओळी चालवून संगणक गरम करण्यात अर्थ नाही, मूळ अंदाजच त्याहून कच्चे असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक रकाना स्वतंत्र फिरवणं. ओल्या पावसाळ्यात सगळ्यांच्याच चाळी सडतात, म्हणून भाव चढतो, आणि तुमचीही चाळ त्याच पावसात असते. चढ्या भावाला ८३ क्विंटल, मध्यमला ९०, पडत्याला ९३ असं धरलं तर सरासरी वजन ८८ च राहतं, पण ऑगस्टमध्ये विकल्याची आवक १,३२,००० वरून १,३०,४३० वर येते. घट आणि भाव यांना एकच यादृच्छिक आकडा द्या, किंवा ओलं, मध्यम, कोरडं अशी वर्षं आधी ठरवा.

निर्णय चुकला की मॉडेल चुकलं, हे कसं ओळखायचं?

एका वर्षावरून ओळखता येत नाही. १,४०० ला विकला आणि ऑगस्टला १,९०० झाला, तर तुम्ही स्वतःच ती शक्यता ४० टक्के लिहिली होती. तपासायचं ते असं: ज्या ज्या गोष्टींना तुम्ही ‘दहात तीनदा’ म्हणालात, त्यांतल्या खरोखर तीनच्या आसपास घडल्या का? त्यासाठी अंदाज तारखेसह आधी लिहिलेला हवा, मागाहून आठवलेला चालत नाही.

आणि घटीचा आकडा कुणाचा ऐकीव घेऊ नका. चाळ भरताना पाच जाळीच्या गोण्या वजन करून, दोरा बांधून वेगवेगळ्या जागी ठेवा: एक वरच्या थरात, एक तळाशी, एक मधोमध, दोन पावसाच्या बाजूला. दर पंधरा दिवसांनी काढा, सडका आणि कोंब आलेला कांदा बाजूला करा, उरलेला तोला. मधली गोणी आणि पावसाकडची गोणी यांत फरक दिसायला लागला, की हिशोबात ८८ च्या जागी काय घालायचं ते तिथेच कळतं, आणि कुठला कप्पा आधी रिकामा करायचा तेही.